लोकप्रिय सांस्कृतिक प्रतीके आणि प्रदेशाची प्रतिमा : संत नामदेवांच्या संदर्भात

प्रस्तावना :
राष्ट्राची वा प्रदेशाची प्रतिमा केवळ शासन, सैन्य आणि व्यापार यांतून घडत नाही. परक्या समाजाने जी व्यक्ती वा कलाकृती आपली मानली, तिच्याद्वारेही ती घडत असते. १९५१ चा राज कपूर यांचा ‘आवारा’ हा चित्रपट १९५४ मध्ये सोव्हिएत संघात प्रदर्शित झाला आणि तेथील सामान्य प्रेक्षकाला भारत त्या पडद्यावरील नायकातून जवळचा वाटू लागला. हीच प्रक्रिया मध्ययुगात कशी घडली, हे हिंगोली जिल्ह्यातील नर्सी या गावाशी जन्मपरंपरेने जोडलेल्या संत नामदेवांच्या (१२७०-१३५०) आधारे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

विषय विवेचन :
शिंपी समाजात जन्मलेल्या नामदेवांच्या मागे कोणतीही राजसत्ता नव्हती. तरीही महाराष्ट्राची भक्तिपरंपरा पंजाबपर्यंत पोहोचली. याची तीन कारणे संभवतात. पहिले कारण भाषेचे. मराठी अभंगांबरोबरच त्यांच्या नावावर हिंदी पदेही आहेत. ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलणारे प्रतीकच त्याच्या मनात रुजते. दुसरे कारण ग्रंथाचे. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांच्या पदांना स्थान मिळाले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यामुळे लोकप्रियता नित्यपाठात स्थिर झाली. तिसरे कारण स्थळाचे. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांच्या वास्तव्याची परंपरा आजही जपली जाते.

देवळातून हाकललेल्या नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची कथा ग्रंथसाहिबातील पदातही येते. लोकपरंपरा हे देऊळ औंढा नागनाथचे मानते. म्हणजे जातिभेदाविरुद्धचा एक अनुभव पंजाबात आदरपूर्वक गायिला गेला. महाराष्ट्राची ही प्रतिमा समतेची आहे. त्याच वेळी देवळाचे दार कोणी बंद केले, याचीही ती आठवण देते. प्रतीक प्रदेशाचा गौरव करते तसा त्याचा दोषही दाखविते, हे विसरता येत नाही.

या प्रक्रियेला मर्यादाही आहेत. पंजाबात ‘भगत नामदेव’ इतके आपले झाले की मूळ प्रदेशाचा संदर्भ मागे पडणे स्वाभाविक होते. २०१५ मध्ये घुमान येथे सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या ८८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाने तो संदर्भ पुन्हा उजळला. नामदेवांचे जन्मस्थान नर्सी की पंढरपूर, पंजाबातील व महाराष्ट्रातील नामदेव एकच की भिन्न, हे वादही अभ्यासकांत झाले आहेत. श्रद्धेने प्रतिमा घडते. तिची चिकित्सा करणे मात्र विद्वानांचे काम आहे.

समारोप :
१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा बहुधा मागासलेपणाच्या संदर्भातच ओळखला जातो. चारशे वर्षांहून अधिक काळ दुसऱ्या प्रांताच्या प्रार्थनेत टिकलेले नाव याच मातीशी जोडलेले आहे, ही तितकीच खरी ओळख होय. मात्र ती केवळ उत्सव आणि कमानींनी टिकणार नाही. मराठी, हिंदी आणि इतिहास विभागांनी नामदेवांची मराठी गाथा व ग्रंथसाहिबातील पदे यांचा एकत्रित अभ्यास विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तरच प्रतीक आणि प्रदेश यांचे नाते जिवंत राहील.