शालेय ग्रंथालयाचे संकेतस्थळ
मराठी पवार घराण्याच्या जुन्या संस्थानांतील, आज हिंदीभाषक मध्य प्रदेशात असलेल्या धार आणि देवास येथील शाळांनी ग्रंथालयाचे संकेतस्थळ रचताना प्रथम शोधाची सोय पाहावी. कारण घरी मराठी बोलणारे, शाळेत हिंदी शिकणारे मूल हिंदीच्या रीतीने ‘कवि’ असे ऱ्हस्व लिहील आणि दप्तरी नोंद मराठीच्या रीतीने ‘कवी’ अशी दीर्घ असेल, तर कपाटात हजर असलेले पुस्तकही त्याला सापडणार नाही. ही दोन्ही रूपे यंत्राने एकच मानावीत, असा माझा आग्रह आहे. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचे १९३१ मधील सूत्र येथे तंतोतंत लागू पडते. मुखपृष्ठावर नव्या पुस्तकांची चित्रे, मुलांचे छोटे अभिप्राय आणि पुस्तक जागेवर आहे की नाही याचा रोजचा तपशील असावा.