वरवंट्याचं नाव बाबा

१९९८च्या मे महिन्यात मॉरिशसहून आलेल्या चौघांनी संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी ओटीवर एक झेरॉक्स पसरली, तेव्हा आजीने पहिला प्रश्न विचारला, "यांचं आपल्याला सुतक येतं का?" भाऊबंद कोण आणि कोण नाही, हे ठरवायची आमच्याकडची ही जुनी रीत. कागदावर मजुराचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जहाजाचं नाव आणि परक्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं आमचं गाव. बापाचं नाव वंशावळीत सापडलं. माझ्या खापरपणजोबांच्या धाकट्या भावापुढे तिथे 'मिरिचला गेला' एवढंच लिहिलेलं होतं. मिरिच म्हणजे मॉरिशस. आजीने बोटांवर पिढ्या मोजल्या आणि म्हणाली, "येतं." मग चौघांना पाटावर बसवून जेवायला वाढलं.

तेव्हापासून मी तीनदा त्यांच्याकडे राहून आलोय. माझं ठाम मत आहे की परदेशात नातलग असतील, कितीही लांबचे असतील, तर हॉटेलात उतरू नये. समुद्रकिनारा हॉटेलातूनही दिसतो, पण सकाळी सहाला कुणाच्या स्वयंपाकघरात चहाची वाट बघत बसल्यावर जे कळतं ते तिथून कळत नाही. यजमानांचा पूर्ण पत्ता मात्र हाताशी ठेवा, देशात शिरताना तो द्यावा लागतो. आणि घरची रोपं, बिया, ताजी फळं नेऊ नका, परवानगीशिवाय ती आत नेऊ देत नाहीत. पहिल्या खेपेला मी आईने दिलेलं हळदीचं ओलं बेणं घेऊन निघालो होतो, ते ऐन वेळी मुंबईतच भाचीकडे ठेवलं.

इतिहास थोडक्यात सांगतो. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८३४पासून चार लाखांहून अधिक भारतीय करारावर तिथे गेले, त्यांत मुंबई बंदरातून चढलेले कोकणातले लोकही होते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा झाला. त्यांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. वहीत आडनाव नसल्याने पुष्कळ घरांत मूळ पुरुषाचं नाव हेच आडनाव झालं, तसं ते आमच्या भाऊबंदांचंही झालं. आजही तिथे गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते.

आता स्वयंपाकघरात येतो, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

आमचे भाऊबंद बेटाच्या पश्चिमेला, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतात. घरात क्रेओल बोलतात. मुलं शाळेत मराठी शिकतात, तरी मला पहिले दोन दिवस 'तोंतों' म्हणत होती, तिसऱ्या दिवशी 'काका' म्हणायला लागली. त्या घरच्या वहिनींचं मराठी देवघरापुरतं, पण चुलीपाशी गेल्यावर माझं काही अडलं नाही. तवा तिथे तवाच आहे. कढई म्हणजे काराय, चटणी म्हणजे सातिनी. शेवग्याचा पाला खुडताना त्या 'ब्रेद मुरुम' म्हणाल्या. तमिळ लोकांची मुरुंगा फ्रेंच तोंडातून फिरून कोकणी घरात आली होती. एका पाल्याच्या नावात तीन मुलुखांची माणसं!

मागच्या दारी चिकूच्या झाडाखाली पाटा होता. काळा, मधोमध खोलगट, टाकी लावून खडबडीत केलेला. पाट्याला त्या 'रोश कारी' म्हणाल्या, म्हणजे कालवणाचा दगड. आणि वरवंटा? "बाबा," त्या म्हणाल्या. क्रेओलमध्ये बाबा म्हणजे तान्हं मूल. आईच्या मांडीवर मूल असावं तसा पाट्यावर वरवंटा.

मी वाटता वाटता थांबलो. आमच्याकडे बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात, त्याला झबलं-टोपडं चढवतात आणि गोप्या म्हणतात. त्याच्यानंतर बाळ. हे नाव तिथे मराठी बायकांनीच दिलं असं मी म्हणणार नाही, बेटावरची सगळीच माणसं हा शब्द वापरतात. पण वरवंट्यात मूल बघणारी नजर मला त्या परड्यात ओळखीची वाटली.

दगडाचंही सांगायला हवं. तो बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणातून दख्खनच्या पठाराचा लाव्हा वर आला, त्याच ठिकाणावर पुढे, साधारण ८०-९० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस समुद्रातून वर यायला लागलं, असं भूवैज्ञानिक मानतात. मधल्या काळात भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत गेला. ती भट्टी आजही शेजारच्या रेयुनियाँ बेटाखाली धगधगते आहे. म्हणजे माझ्या आजीचा पाटा आणि वहिनींचा पाटा एकाच चुलीतले. तिथल्या उसाच्या शेतांत मधूनच काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले. चुलतभावाने मला एका ढिगावर चढवलं आणि म्हणाला, "यातले काही आपले." मला बराच वेळ खाली उतरवेना.

त्या दिवशी जेवायला खोबऱ्याची चटणी होती. चिंच घालून, हिरव्या मिरचीची. मी वाटलेली थोडी भरड राहिली होती, वहिनींनी ती पुन्हा पाट्यावर घेतली. गोप्याची गोष्ट मी तेव्हाच त्यांना सांगितली. त्या हात न थांबवता ऐकत होत्या.

गेल्या वर्षी त्यांच्या नातीचं बारसं झालं. आदल्या रात्री फोन आला. व्हिडिओवर वरवंटा दिसला, धुतलेला, पिवळ्या झबल्यात. वहिनींना एवढंच विचारायचं होतं की बाबाचं डोकं कुठल्या बाजूला करायचं. मी फोन आईकडे दिला.