देवाला मी नको आहे का?

आज चिंतनाला घेतलेला प्रश्न पोथीतला नाही, तुमच्या-आमच्या घरातला आहे. कीर्तन आटोपतं, आरती होते, लोक बुक्का लावून पांगतात, तरी खांबाआड कोणीतरी थांबलेलं असतं. कधी तरणी विधवा, कधी कपाशी हातची गेलेला शेतकरी, कधी लेकांनी बोलणं टाकलेला म्हातारा. दुःख ज्याचं त्याचं वेगळं, विचारणं मात्र एकच. आपल्या अहिराणीत सांगायचं तर, ‘महाराज, देवले मी नको शे का?’

अशा वेळी आपल्याला उत्तर द्यायची फार घाई असते. कोणी म्हणतं, मागल्या जन्माचं काही असेल. कोणी म्हणतं, वारी चुकली असेल, भक्ती कमी पडली असेल. बाबांनो, ज्याच्या पायात काटा मोडलाय त्याचा आधी काटा काढावा, चालावं कसं ते मागून शिकवावं.

आणि हे उत्तर संतांच्या चरित्रापुढे टिकतही नाही. इ.स. १६३० चा दुष्काळ आठवा. गुजरात, आपला खानदेश, सगळं दख्खन त्यात होरपळलं. तिकडे देहूला तुकोबारायांचा व्यापार बुडाला, पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, लहानगा संतूही गेला. दुःख आलं म्हणजे देवानं टाकलं, हे माप खरं मानलं तर तुकोबा देवाला सगळ्यात नकोसे ठरतील. ठरवाल का तसं? जीभ धजेल का?

बरं, तुकोबांनी ते मुकाट्यानं गिळलं का? नाही. ते देवाशी भांडले, त्याला निष्ठुर म्हणाले. वारकऱ्यांनी ती भांडणं लपवून ठेवली नाहीत. गाथेत आहेत, आपण टाळ धरून गातो. का गातो? कारण रुसवा परक्यावर धरता येत नाही. बाजारात अनोळखी माणूस न बोलता गेला तर आपल्याला काय त्याचं! पण सख्खा भाऊ तोंड फिरवून गेला की रात्रभर झोप लागत नाही. देवावर राग येतो ना तुम्हाला? मग नातं अजून जिवंत आहे, तुटलेलं नाही.

हे फक्त आपल्यातच आहे असंही नाही. ख्रिस्ती लोकांच्या बायबलात येशूची कथा आहे. क्रुसावर प्राण जाताना त्यानंही देवाला आपण टाकले गेल्याचं कारण विचारलं. आणि त्यांच्या श्रद्धेनं तो कोण? देवाचा लाडका पुत्र! म्हणजे टाकल्यासारखं वाटणं वेगळं आणि खरंच टाकलेलं असणं वेगळं. रात्री ढगांनी चंद्र झाकला म्हणून चंद्र गाव सोडून जात नाही.

आता आपल्या मुक्ताईकडे येऊ. इ.स. १२९७ मध्ये तापीकाठी, मेहूणजवळ, ती विजेच्या कडकडाटात गुप्त झाली अशी परंपरा आहे, म्हणून मुक्ताई खानदेशाची. आईबाप गेलेली ती चार भावंडं, लोक त्यांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून हिणवायचे. एकदा असाच कोणी अपमान केला आणि ज्ञानोबा माउली झोपडीची ताटी लावून आत बसले. ज्ञान कमी होतं का हो त्यांना? पण मन दुखलं. ज्ञान्याचंही दुखतं, मग तुमचं दुखलं तर लाज कसली?

दाराशी कोण आली? सगळ्यात धाकटी बहीण. ताटी म्हणजे काड्या-कुडाची, एका धक्क्यानं मोडली असती. मुक्ताईनं मोडली नाही. बाहेर उभी राहिली आणि समजावीत राहिली. तेच ताटीचे अभंग. माउलींना परत आणायला आकाशवाणी झाली नाही, बहिणीचा आवाज आला. मायबाप, देवाचं प्रेम पुष्कळदा असंच येतं, माणसाच्या तोंडून. आपण आकाशाकडे बघत बसतो आणि दाराशी आलेल्या बहिणीला परत पाठवतो.

एक भेद मात्र नीट ध्यानात घ्या. काही दारं देव लावत नाही, त्याचं नाव घेऊन माणसं लावतात. चोखोबांना देवळात येऊ दिलं नाही. ते दार विठ्ठलानं लावलं होतं का? मंगळवेढ्यात गावकुसाच्या भिंतीखाली ते गेले, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली. तरी दार उघडायला शेकडो वर्षं गेली. आपल्या अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी १ मे १९४७ ला पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी मंदिर सर्वांसाठी खुलं करायचं ठरलं. म्हणून जातीवरून, वांझपणावरून, वैधव्यावरून तुम्हाला कोणी हिणवलं तर तो निकाल देवाचा समजू नका.

मग करायचं काय? एक, जे मनात आहे ते देवापुढे आपल्या बोलीत बोला. रडा, भांडा, पण बोलणं सोडू नका. दोन, ताटी लावून एकटे बसू नका, एका तरी माणसाला सांगा. झोप उडाली, अन्न गोड लागेना, जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरकडे जा. दवाखान्यात जाण्यानं भक्तीला उणेपणा येत नाही. आणि तीन, हे ज्यांचं बरं चाललंय त्यांच्यासाठी. तुमच्या गल्लीत कोणाची ताटी लागलीय ते बघा. भाकरी घेऊन जा, घटकाभर बसा, उपदेश करू नका.

दर आषाढीला मुक्ताईची पालखी महिनाभराची वाट चालून पंढरीला जाते. वाटेतल्या गावागावांत तिला नमस्कार करताना तिनं भावाच्या दाराशी काय केलं ते आठवा. घरी परतल्यावर तेवढं एका दाराशी करा. देवाला तुम्ही हवे आहात, त्याच्या कामालाही हवे आहात. रामकृष्ण हरी.