उनो : कमी सुट्या भागांचा हिशेब

1980 साली इटलीतील तुरीन शहरात फियाटच्या कारखान्यांत 35 दिवस संप चालला. कंपनीची हालत नाजूक, जुनी 127 ही छोटी गाडी मागे पडत चाललेली. अशा वेळी कंपनीने मोठी मदार एका नव्या छोट्या गाडीवर ठेवली. जानेवारी 1983 मध्ये ती लोकांसमोर आली. नाव उनो, म्हणजे एक.

आराखडा जुजारो यांचा. लांबी अवघी 3.64 मीटर, पण छत उंच ठेवल्यामुळे आत माणसे ऐसपैस बसत आणि मागचे दार उचलले की सामानही पुष्कळ मावे. कपड्याचे गठ्ठे वाहणाऱ्याला ही सोय लगेच कळते! 1984 ची युरोपातील ‘कार ऑफ द इयर’ हीच ठरली.

इंजिनांवर मात्र कंपनीने सुरुवातीला फार पैसा ओतला नाही. 903, 1116 आणि 1301 सीसी, तिन्ही आधीच्या गाड्यांत आजमावलेली. माल नवा, मशिनरी जुनी. जोखीम तेवढीच कमी. शहाणा कारखानदार हेच करतो.

खरा बदल 1985 मध्ये झाला. 999 सीसीचे ‘फायर’ इंजिन तेर्मोली येथे मुख्यतः यंत्रमानवांच्या हातून बनू लागले. ताकद जुन्या 903 इतकीच, 45 अश्वशक्ती. मग फायदा काय? सुटे भाग कमी, वजन कमी, इंधनाचा खर्च कमी. टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाकत नसत, म्हणजे मालकाचे मोठे बिल वाचे. शौकिनांसाठी त्याच वर्षी 105 अश्वशक्तीची टर्बो आली. डिझेलची इंजिनेही होती. पण आमच्या मते या गाडीला तारले ते फायरनेच.

इटलीत उनो 1995 पर्यंत बनली. ब्राझीलमध्ये हजार सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा कर घटताच 1990 मध्ये 994 सीसीची ‘उनो मिले’ निघाली आणि 2013 अखेरपर्यंत चालली.

आपल्याकडे 1996 मध्ये कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात, जिथे पद्मिनी बनत असे, तिथे उनो आली. नोंदण्या लाखांवर गेल्या. पण कारखान्यात कामगारांचा तंटा, गाड्या वेळेवर निघेनात. गिऱ्हाईक दारात उभे आणि माल नाही, यासारखे नुकसान नाही. पुढे 2009 मध्ये फायर घराण्याची 1.2 आणि 1.4 लिटरची इंजिने पुण्याजवळच्या रांजणगावात बनणाऱ्या पुंटो व लिनिया गाड्यांत बसली.