वहीतला संगणक आणि तापलेला संगणक

वहीच्या पानावर दहा चौकोन आखा व त्यांना १ ते १० असे क्रमांक द्या. पहिल्या चौकोनात ७ आणि दुसऱ्यात ५ लिहा. शेजारी एक आज्ञा लिहा : ‘चौकोन १ व २ मधील संख्यांची बेरीज करून ती चौकोन ३ मध्ये मांडा.’ आता पेन्सिल घेऊन ही आज्ञा पाळा. चौकोन ही झाली संगणकाची स्मृती आणि तुम्ही झालात त्याचा प्रोसेसर! जवळ यंत्र नसताना तुम्ही यंत्राचे काम करून दाखवलेत. हेच काम एखाद्या संगणकावरील आज्ञावली करू लागली, की तिला ‘सिम्युलेटर’ म्हणतात.

पण खरा संगणक मिळत असताना ही नक्कल कशासाठी? ऑपरेटिंग सिस्टिम ही संगणकातील मूळ आज्ञावली. स्मृतीची वाटणी, कळफलक, पडदा या सर्वांची देखरेख तिच्याकडे असते. दुसरी एखादी आज्ञावली चुकली, तर ऑपरेटिंग सिस्टिम आपल्याला तसे कळवते. पण ती स्वतःच चुकली तर कळवणार कोण? खरे यंत्र मुकाट्याने बंद पडते. सिम्युलेटरमध्ये मात्र हव्या त्या आज्ञेपाशी थांबून प्रत्येक चौकोनात काय आहे ते पाहता येते. तुमच्या पेन्सिलीप्रमाणे तो खऱ्या यंत्राहून बराच संथ असतो, एवढेच.

म्हणूनच मुंबईच्या आय.आय.टी.त ‘एक्सव्ही६’ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम अभ्यासताना विद्यार्थी ती ‘क्यूएमू’ नावाच्या अशाच नकली यंत्रावर चालवतात. या दोन्ही गोष्टी विनामूल्य मिळतात. तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातील महागावच्या एखाद्या शाळेत साधा संगणक असेल, तर तेथेही हा अभ्यास करता येईल.

मग खऱ्या यंत्राची गरज संपली का? नाही. याविषयी एक मजेदार हकिगत आहे. नेदरलँड्समधील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘मिनिक्स’ नावाची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. ती १९८७ साली प्रसिद्ध झाली. ८०८८ या प्रोसेसरच्या सिम्युलेटरवर ती निर्वेध चाले. पण खऱ्या संगणकावर सुमारे तासाभराने बंद पडे. प्राध्यापकांनी पुष्कळ शोधले, पण चूक सापडेना. ते हा उद्योगच सोडून देण्याच्या बेतात होते.

इतक्यात एका विद्यार्थ्याने ऐकीव माहिती सांगितली : हा प्रोसेसर फार तापला, की १५ क्रमांकाचा संकेत देतो म्हणे! माहितीपुस्तिकेत तसा उल्लेख नव्हता. तरीही प्राध्यापकांनी हा संकेत आल्यास पडद्यावर एक संदेश उमटावा अशी सोय केली आणि थोड्याच वेळात तो संदेश खरोखरच उमटला. मिनिक्सला हा संकेत हाताळता येत नव्हता, म्हणून ती बंद पडत होती. दोष दूर झाला. पुढे १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने मिनिक्स वापरतच ‘लिनक्स’ लिहिण्यास आरंभ केला. आज अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सच आहे.

सिम्युलेटरला हा दोष का दिसला नाही? कारण त्याला तेवढेच ठाऊक असते, जेवढे त्याच्या कर्त्याने त्यात लिहिले. मे महिन्यात महागावात ऊन किती तापते हे तुम्ही जाणता. पण तुमच्या वहीतील ७ आणि ५ यांची बेरीज त्या उन्हातही १२ च येणार. ‘वही तापली तर काय करावे’ हे तुम्ही आज्ञेत लिहिलेलेच नाही! खरे यंत्र मात्र तापते, त्यावर धूळ बसते, त्याचा वीजपुरवठा कमीजास्त होतो.

तेव्हा चुका शोधाव्यात त्या सिम्युलेटरवर. पण काम पुरे झाले असे म्हणावे ते खऱ्या यंत्रावर पारखल्यानंतरच. आता तुमच्या वहीतील संगणकाला आणखी एक आज्ञा द्या : ‘चौकोन ११ मधील संख्या वाचा.’ असा चौकोनच नाही! अशा वेळी तुमच्या यंत्राने काय करावे? तो नियम तुम्हीच ठरवा आणि वर्गात त्यावर चर्चा करा.