नववीचा विषयांचा कागद



काट्यावर दहा किलोचा फरक वाटला तरी आपण गट ऑफिसात येऊन आम्हाला घाम फोडता. फोडावाच, तो आपला हक्क आहे. पण मुलगी नववीत गेली की शाळेतून विषयांचा कागद येतो, त्यावर मात्र न वाचता सही होते. आडसालीच्या नोंदी घेत फिरताना एका सभासदांच्या ओट्यावर हाच कागद दिसला. विचारले, तर म्हणाले, "सर म्हणतील ते. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

न कळण्यासारखे त्यात काही नाही. दहावीची यादी गावची शाळा करत नाही; ती राज्य मंडळाची आणि पुस्तके बालभारतीची. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे, प्रत्येकी १०० असे ६०० गुण. शिवाय जलसुरक्षेसारखे विषय आहेत, त्यांना फक्त श्रेणी मिळते. ठिबकचे अनुदान मागणाऱ्या घरातसुद्धा हे पुस्तक कुणी उघडत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

शाळेच्या हातात उरते ते थोडेच. पूर्ण हिंदी घ्यायची की हिंदी-संस्कृत संयुक्त, आणि मान्यता असेल तर सहसा एखाद्या भाषेच्या जागी शेतीसारखा व्यवसाय विषय. आता हे कशावर ठरते? मुलांच्या आवडीवर ठरते असे कागदावर म्हणायचे. खरे म्हणजे ते ठरते शिक्षकावर. पटावर मुले किती, त्यावर शिक्षकांची पदे मंजूर होतात आणि ज्या विषयाचा शिक्षक आहे तो विषय चालतो. संस्कृतचे सर निवृत्त झाले की संस्कृत संपले.

आम्ही हे भोगले आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली कार्यानुभवाची शिफारस केली. आमच्या शाळेतही तो विषय वेळापत्रकात होता. शाळेच्या मागे तीन गुंठे रान होते. वांगी आम्ही लावली, पाणी आम्ही घातले, तोडा मात्र सरांच्या घरी गेला! खत का घालतात, किती घालतात, हे कुणी सांगितले नाही. ते पुढे कृषी पदविकेला गेल्यावर कळले.

हे निराळ्या रीतीने होऊ शकते. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथे मुले हाताने काम करत शिकली: वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन. त्यावरून केलेला अभ्यासक्रम पुढे माध्यमिक शाळांतही गेला. तेव्हा पालक सभेला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना विचारा, व्यवसाय विषयाला मान्यता आहे का, तो शिकवायला माणूस आहे का, आणि नसेल तर संस्थेने मागणी केली का. शाळेच्या संस्थेवर आपल्यातलेच लोक असतात, त्यांनाही विचारा.

त्या ओट्यावर सभासदांची मुलगी दप्तर घेऊन बसली होती. आम्ही तिला म्हटले, आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्र, म्हणजे एकरी १६०. युरियात नत्र ४६ टक्के, पोते ४५ किलोचे. किती पोती लागतील? तिने वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. वडील म्हणाले, "धा तरी लागतील. आम्ही बारा टाकतो."

"पावणेआठ," पोरगी म्हणाली. "तेपण एकदम नाही ना टाकायचं?"

चार हप्त्यांत, आम्ही सांगितले. वडिलांनी वही हातात घेतली, दोनदा पाहिली आणि सहीचा कागद घडी करून खिशात ठेवला. सोमवारी शाळेत जाऊन येतो म्हणाले.

– ऊस विकास अधिकारी