मुलगी थायलंडला नांदायला गेली तेव्हा



मुलगी शेजारच्या तालुक्यात दिली तरी आईचा जीव वर-खाली होतो. आमची मुलगी तर जून 2022 मध्ये जावयांबरोबर थेट थायलंडला गेली. बँकॉकच्या पश्चिमेला नाखोन पाथोम नावाचा प्रांत आहे. तिथल्या एका कारखान्यात जावयांची नोकरी.

पहिले दोन महिने तिचा फोन आला की रडणेच ऐकू येई. "बाबा, इथली माणसे हसतात, पण बोलत कोणी नाही. मला घरी यायचे आहे." तिची आई म्हणे, "अहो, आणा तिला परत."

मी तिला एवढेच सांगितले, "पोरी, माझी बदली नव्या गावी झाली की पहिल्या दिवशी मी खताचे नावसुद्धा काढत नसे. पारावर बसायचे, कोण कोणाला काय म्हणतो ते ऐकायचे, गावाची रीत पाहायची. मग गाव आपणहून बोलू लागते. तूही तसेच करून पाहा."

हसू आणि अबोला

तिच्या एकटेपणाचे कारण नंतर कळले. घराजवळच्या दुकानात सुट्या पैशांवरून ती दुकानदारीणबाईंशी चढ्या आवाजात बोलली होती. आपल्या बाजारात असे रोजच होते आणि घटकाभरात विसरलेही जाते. तिथे मात्र चारचौघांत आवाज चढवणे म्हणजे समोरच्याची आणि स्वतःचीही शोभा करणे. बाई हसल्या, पैसे दिले आणि दुसऱ्या दिवसापासून बोलेनाशा झाल्या.

शेजारच्या म्हाताऱ्या मावशींनी तिला दोन शब्द शिकवले. पहिला 'जाय येन', म्हणजे थंड हृदय, शांत डोके. दुसरा 'क्रेंग जाय', म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून बाळगलेला संकोच. मुलीने शंकरपाळ्यांचा डबा घेतला, दुकानात जाऊन हात जोडले. बाईंनी डबा घेतला आणि तिच्या हातात एक भले मोठे पपनस ठेवले. नाखोन पाथोमची पपनसे नावाजलेली आहेत. त्या दिवसापासून मुलीचे रडणे थांबले.

शब्द ओळखीचे, सूर अनोळखी

हात जोडण्याला तिथे 'वाय' म्हणतात. लहानाने मोठ्याला आधी करायचा. सोबत बाईने 'सवात्दी ख' आणि पुरुषाने 'सवात्दी ख्रप' म्हणायचे. हा 'सवात्दी' आपल्या 'स्वस्ति'वरून आला आहे. भाषेला 'फासा', गुरूला 'ख्रू', आहाराला 'आहान' म्हणतात. मला सर्वांत आवडला तो 'कासेत', म्हणजे शेती. मूळ शब्द आपला 'क्षेत्र'! तिथले कासेतसात विद्यापीठ 1943 साली स्थापन झाले. त्याच्या नावाचा अर्थ सरळ 'क्षेत्रशास्त्र'. म्हणजे मी जे शिकलो तेच.

अवघड आहेत ते सूर. थाई भाषेत पाच सूर आहेत. 'खाव' हा शब्द एका सुरात भात, दुसऱ्यात पांढरा आणि तिसऱ्यात बातमी. म्हणून पुस्तकापेक्षा कानाने शिकावे. वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. थोरल्या भावाबहिणीला 'पी', धाकट्याला 'नाँग', काकांना 'लुंग', मावशीला 'पा' म्हणतात. आपल्या दादा-ताईसारखेच हे, परक्या माणसालाही चालते.

डोके वर, पाय खाली

नोव्हेंबर 2023 मध्ये मी मुलीकडे गेलो आणि माझीही चूक झाली. मावशींचा नातू पाया पडल्यासारखा वाकला म्हणून मी सवयीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मावशी हसल्या, पण ते हसू निराळे होते. थाई समजुतीने डोके हे शरीराचे सर्वांत पवित्र अंग. परक्याने त्याला हात लावू नये. पाय सर्वांत खालचे, म्हणून माणसाकडे किंवा बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये. घरात शिरताना जोडे बाहेर ठेवतात, हे मात्र आपल्यासारखेच. बाईमाणसाने भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, वस्तूही थेट हातात द्यायची नाही.

शाकाहारी माणसाने 'जे' हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या झेंड्यावर तो लिहिलेला असतो. तिथल्या जेवणात मांस, मासळीचा रस्सा, अंडे आणि कांदा-लसूणही नसतो. एरवी साध्या भाजीतसुद्धा मासळीचे खारे पाणी घालतात, म्हणून विचारून घ्यावे.

त्यांचे सण, आपले सण

आपली गुरुपौर्णिमा झाली की साधारण त्याच सुमारास भिक्खूंचा तीन महिन्यांचा वर्षावास सुरू होतो. आपला चातुर्मासच म्हणा. 13 एप्रिलला सोंग्क्रान, म्हणजे 'संक्रांत', त्यांचे पारंपरिक नववर्ष. त्या दिवशी थोरांच्या हातावर पाणी घालून आशीर्वाद घेतात. मी गेलो तेव्हा कार्तिकी पौर्णिमा होती. केळीच्या खुंटाच्या चकतीवर पाने, फुले, दिवा ठेवून लोक पाण्यात सोडत होते आणि गंगामाईची क्षमा मागत होते. मला त्रिपुरी पौर्णिमेचा आपला घाट आठवला.

मे महिन्यात बँकॉकच्या सनाम लुआंग मैदानावर राजनांगरणी होते. सजवलेल्या बैलांपुढे साळ, मका, कडधान्य, तीळ, गवत, पाणी आणि दारू ठेवतात. बैल ज्याला तोंड लावतील त्यावरून वर्षाचे भाकीत सांगतात. पेरलेले दाणे वेचून शेतकरी आपल्या बियाण्यात मिसळतात. पोळ्याला बैलापुढे वाकणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मुलांना पाठवण्यापूर्वी

आता काही रोखठोक गोष्टी. पर्यटक म्हणून गेलेल्याला तिथे नोकरी करता येत नाही, कामाचा परवाना लागतो. 'आधी या, परवाना नंतर काढू' म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. थायलंडची नोकरी दाखवून आपल्या तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले. त्याबद्दल भारत सरकारने सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर इशारा दिला होता. जमीन गहाण ठेवून पैसे देण्याआधी कागद जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाला दर 90 दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. राजघराण्याविषयी वावगे बोलणे हा गुन्हा असून त्याला 3 ते 15 वर्षांची शिक्षा आहे. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 वाजता राष्ट्रगीत लागले की उभे राहावे.

पेटीत लोणचे-पापड भरतो, तसे मुलांच्या मनात हेही भरून द्या: आधी ऐक, वाकायला लाजू नकोस, चुकलास तर हात जोड. यात आपले काही सोडावे लागत नाही. आमची मुलगी तिथे गुढीही उभारते आणि केळीच्या चकतीवर दिवाही सोडते.

तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. रात्री तिची आई फोन करून विचारते, "जेवलीस का गं?" मुलगी हसून सांगते, "आई, मघाशी शेजारच्या मावशींनीही हेच विचारले." भात खाल्लास का, ही तिथेही आपुलकीने विचारपूस करण्याची रीतच आहे. ते ऐकल्यापासून तिची आई तिला परत आणायची गोष्ट काढत नाही.